अंश आणि छेद

वर्ष सरत आले, संसदेचे हिवाळी अधिवेशन उरकले, की वर्तमानपत्रांत एक तक्ता येतो. आपल्या भागातल्या खासदारांनी वर्षभरात काय केले, ते त्यात चार रकान्यांत मांडलेले असते. हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, चर्चेत किती वेळा भाग घेतला, खासगी विधेयके किती मांडली. शेवटी राज्याची सरासरी आणि देशाची सरासरी. शाळेच्या निकालपत्रकासारखाच हा प्रकार असल्याने माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाची नजर त्यावर हटकून जाते.

आमच्या शेजारी मास्तर राहतात. तेही निवृत्त. ते कन्नड शाळेत होते, मी मराठी शाळेत. ते कन्नड पत्र घेतात, मी मराठी घेतो आणि सकाळी दहाच्या सुमारास कट्ट्यावर बसून आम्ही अंकांची अदलाबदल करतो. दोन्हींचे अग्रलेख वर्षातून फार थोड्या वेळा जुळतात. सीमाप्रश्नावरच्या सभेची बातमी असली, तर एका पत्रात मैदान फुललेले असते आणि दुसऱ्यात ओस पडलेले. हा तक्ता मात्र दोन्हींकडे अगदी सारखा. नावांची लिपी तेवढी वेगळी.

"बघा सर," मास्तर म्हणाले, "आकड्याला भाषा नसते. एवढे एक तरी आपल्या दोघांना मान्य."

मी मान डोलावली. मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "मग सांगा, हा माणूस चांगला की वाईट?"

हजेरी चांगली होती, प्रश्नांची संख्या सरासरीच्या वर होती. तरीही 'चांगला' म्हणायला जीभ रेटेना आणि 'वाईट' म्हणायला आधार नव्हता. चौतीस वर्षे मुलांच्या नावांपुढे आकडे भरणाऱ्या मला एका खासदाराच्या नावापुढचे आकडे वाचता येईनात, ही गोष्ट मनाला लागून राहिली. हा लेख त्या अडलेल्या उत्तराचा आहे.

आधी आकड्यांच्या बाजूने जे बोलायला हवे, ते बोलून टाकतो. आकड्यांची टिंगल करणे सोपे असते आणि ज्याचे आकडे वाईट, तो ती सर्वांच्या आधी करतो. आमच्या तरुणपणी प्रतिनिधीला जोखण्याची साधने तरी कोणती होती? त्याची जात, त्याचा पक्ष, त्याने कोणाकोणाच्या लग्नाला हजेरी लावली याची यादी आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री गल्लीत चाललेली कुजबुज. दिल्लीला किंवा बंगळूरला जाऊन तो तोंड उघडतो की नाही, हे कळण्याची वाटच नव्हती. उमेदवाराने आपल्यावरचे फौजदारी खटले, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर केले पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००२ सालचा. दिल्लीतली पीआरएस ही संस्था २००५ मध्ये निघाली आणि खासदारांच्या कामाचा हिशेब लोकांपुढे येऊ लागला. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदार-नगरसेवकांची प्रगतिपुस्तके काढते. बोटाला शाई लावून घेण्यापलीकडे ज्याला विचारत नव्हते, त्या मतदाराच्या हाती एक साधन आले. ते लहान असेल, पण त्याचे स्वतःचे आहे.

दुभाषिक जिल्ह्यात तर या साधनाचे मोल अधिक. आपल्याकडे माणूस कोणत्या भाषेचा हे एकदा ठरले, की त्याच्याविषयीचे मत आपोआप ठरते. आपल्या भाषेचा असूनही हा वर्षभर गप्प बसला आणि शेजारच्या भाषेचा असूनही त्याने आपल्या रेल्वेचा प्रश्न मांडला, असे असेल तर ते कबूल करायला आकडा भाग पाडतो. म्हणून तक्ता हवाच. प्रश्न तो वाचायचा कसा, हा आहे.

पहिला रकाना हजेरीचा. हजेरी म्हणजे त्या दिवशी सभासद आला याची नोंद. तो दहा मिनिटे बसला की सहा तास, हे तीत नसते. शिवाय काहींची हजेरी मोजलीच जात नाही. मंत्र्यांची नाही, लोकसभेच्या अध्यक्षांचीही नाही. दादासाहेब मावळणकर १८८८ साली बडोद्यात जन्मले, अहमदाबादेत त्यांनी वकिली आणि सार्वजनिक कार्य केले आणि १९५२ मध्ये ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. सुमित्राताई महाजन इंदूरहून आठ वेळा निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात त्याच खुर्चीवर बसल्या. अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, चर्चेत बाजू घेत नाहीत. आजच्या तक्त्यात या दोघांची ती वर्षे बसवली, तर चारही रकाने कोरे राहतील. तक्ता करणारे जाणते लोक म्हणूनच अशी नावे वगळतात. पण वगळावी लागतात, यातच एक कबुली आहे. संसदेतली काही कामे अशी आहेत, की ती करणाऱ्याच्या नावापुढे काहीच उमटत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळुरात होते. एका संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते आणि आणखी काही खासदार तिथे आले होते. तिथेच त्यांना अटक झाली आणि बंगळूरच्या कारागृहात ठेवण्यात आले. त्यानंतरच्या अधिवेशनांत त्यांची हजेरी अर्थातच शून्य. त्याच अधिवेशनांत जे रोज वेळेवर येऊन बसले आणि समोर येईल त्याला हात वर करत गेले, त्यांची हजेरी उत्तम. दोन्ही आकडे खरे. मुलांना इतिहास शिकवताना यांतला कोणता सांगायचा, हे मात्र आकडा सांगत नाही.

दुसरा रकाना प्रश्नांचा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न वीस आणि लेखी उत्तराचे दोनशे तीस. कोणाचा प्रश्न यादीत येणार, हे चिठ्ठ्या काढून ठरते. तासाभरात त्या विसांपैकी चार-पाचच उत्तराला येतात. तेव्हा संख्येत नशिबाचा वाटा आहेच. पण खरी अडचण वेगळी आहे. प्रश्न कोणासाठी विचारला? हंगामी संसदेचे सभासद एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचे १९५१ साली चौकशी समितीला आढळले. पंडित नेहरूंनी स्वतः कारवाईचा ठराव मांडला आणि मतदान होण्याआधी मुदगलांनी राजीनामा दिला. पुढे डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना, लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सभासदाला, सभागृहांनी बडतर्फ केले. विकत गेलेला प्रश्न आणि आपल्या तालुक्यातल्या पाण्यासाठी तळमळून विचारलेला प्रश्न, दोन्ही रकान्यात एकेकच धरले जातात.

आणि ज्याच्यासाठी आपण माणूस पाठवतो, तो रकाना तर तक्त्यात नसतोच. त्याने मत कोणत्या बाजूने दिले? आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. कोण 'होय' म्हणाले आणि कोण 'नाही', याची नावनिशीवार नोंद राहत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दुरुस्तीनंतर पक्षाचा आदेश मोडून मत दिल्यास सभासदत्वच जाऊ शकते. म्हणजे त्याची सद्सद्विवेकबुद्धी जिथे कसाला लागते, नेमके तिथेच आपल्या तक्त्याचे पान कोरे असते.

शेवटचा रकाना विधेयकांचा. इथे बॅरिस्टर नाथ पै यांची आठवण होते. १९५७ पासून तीनदा ते राजापूरहून निवडून गेले. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. हा अधिकार संसदेला पुन्हा मिळावा, म्हणून नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, आणि २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते संमत झाले नाही. रकान्याच्या भाषेत, मांडलेली विधेयके एक, संमत झालेली शून्य. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने जवळपास तीच गोष्ट सरकारने केली. तो यशाचा आकडा नाथ पैंच्या नावावर चढला नाही.

पण म्हणून ते विधेयक बरोबरच होते, असेही मी म्हणत नाही. संसदेच्या हाती एवढा अधिकार असावा का, ही शंका तेव्हाही होती आणि आणीबाणीने ती अधिक गडद केली. नाथ पैंचा भरवसा लोकांनी निवडलेल्या सभागृहावर होता. तो भरवसा पुढच्याच काही वर्षांत कसा डळमळला, हे पाहायला ते राहिले नाहीत. हा वाद जाणत्या माणसांनी आजही घालण्याजोगा आहे. शून्य हा आकडा त्या वादात काहीच बोलत नाही. १९५२ पासून संसदेने संमत केलेली खासगी विधेयके अवघी चौदा आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. तेव्हापासून हा शून्य सर्वांच्याच नावापुढे आहे, लढणाऱ्याच्याही आणि झोपणाऱ्याच्याही.

१८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पैंचे निधन झाले, ते बेळगावात. वय अवघे अठ्ठेचाळीस. बेळगाव त्यांच्या मतदारसंघात नव्हते आणि लोकसभा विसर्जित झालेली असल्याने त्या दिवशी ते खासदारही नव्हते. कोणत्याही तक्त्यात न मावणारे ते येणे होते.

एवढे सगळे मी मास्तरांना ऐकवले. ते म्हणाले, "मग तक्ता फाडून टाकायचा?" मी म्हणालो, "नाही. त्याचा छेद तपासायचा."

छेदाची गोष्ट मला फार उशिरा कळली. टक्केवारीत आपण अंशाकडे पाहतो, छेदाकडे पाहत नाही. पहिल्या लोकसभेच्या बैठका वर्षाला सरासरी १३५ दिवस झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या झाल्या ५५. पहिल्या लोकसभेतला ८० टक्के हजेरीचा सभासद वर्षाला १०८ दिवस बसला. सतराव्या लोकसभेत १०० टक्के हजेरी लावणारा बसला ५५ दिवस. तक्त्यात मात्र पहिल्यापेक्षा दुसरा सरस ठरतो. सभासद किती दिवस आला, याचा हिशेब आपण ठेवतो. सभागृहच किती दिवस उघडले, हे विचारायचे राहून जाते.

हे मला संसदेने शिकवले नाही, आमच्या शाळेने शिकवले. एका वर्षी आमच्या शाळेचा एसएसएलसीचा निकाल शंभर टक्के लागला. ३८ पैकी ३८. फटाके वाजले, पेढे वाटले, संस्थेने आम्हा शिक्षकांना शाली घातल्या. त्या वर्गात ३९ वा एक मुलगा होता. वडील बाजारात हमाली करायचे. मुलगा गणितात कच्चा होता, पण ढ नव्हता. फळ्यावरचे उदाहरण त्याला उशिरा कळे आणि एकदा कळले, की विसरत नसे. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर निकालाचे गणित मांडले गेले आणि वर्गशिक्षक म्हणून मीच त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. "यंदा त्याला नववीतच राहू दे, पाया पक्का होईल," असे मी म्हणालो. "तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी," म्हणून ते गेले. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मुलगा आला नाही. पुढेही कधी आला नाही.

आमचा शंभराचा आकडा खोटा नव्हता. कोणीही येऊन तपासावा. तो मुलगा असता तर तो ३९ पैकी ३८ झाला असता, म्हणजे सत्त्याण्णव टक्क्यांच्या थोडा वर. कदाचित ३९ पैकी ३९ सुद्धा झाला असता. ते आता कोणालाच कळणार नाही, कारण मी छेदातून एक उणा केला होता.

त्या दिवसापासून मला एक धास्ती बसली आहे. आकडा माणसाला मोजायला निघतो आणि थोड्याच दिवसांत माणूस आकड्यासाठी वागू लागतो. शाळेने निकालासाठी मुलगा वगळला. खासदार संख्येसाठी प्रश्न वाढवील. सहायकाला सांगून तेच ते प्रश्न शब्द फिरवून टाकील. मग पुढच्या वर्षी तक्ता सुधारेल आणि आपण म्हणू, काम सुधारले.

आणि जे या मोजमापाने वगळले जाईल, ते नेमके आपल्यासारख्यांचे काम असेल. सीमाभागातून १९५७ पासून कितीतरी मराठी प्रतिनिधी आधी म्हैसूर आणि मग कर्नाटक विधानसभेत गेले. त्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षे एकच गाऱ्हाणे मांडले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या माणसाने सभागृहात उभे राहून तीच गोष्ट विसाव्यांदा सांगितली, त्याच्या 'फलित' या रकान्यात शून्यच. राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांत नीट बोलता येत नसेल, तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येईल, असे घटनेचे २१० वे कलम सांगते. म्हणजे काहींना बोलण्याआधी बोलण्याची परवानगी मागावी लागते. तक्त्यात ते एक भाषण धरले जाते, इतरांच्या एका भाषणाइतकेच.

हे मी बोललो, तेव्हा वाटले, मास्तर आता रागावतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, १९५६ मध्ये कासरगोड केरळात गेले. आमची कन्नड माणसे तिथे हेच करीत आली. उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असून विचारत राहायचे. तिथल्या माणसाला मी कमी गुण देणार नाही. मग इथल्याला कसे देऊ?"

त्या दिवशी आकड्याने जेवढे जुळवले नव्हते, तेवढे त्या एका वाक्याने जुळवले. आमची मते अजूनही वेगळीच आहेत. पण अल्पसंख्यांच्या प्रतिनिधीचे एक काम यश मिळवणे असते आणि दुसरे साक्ष देणे असते, एवढे आम्हाला दोघांनाही पटले. साक्षीदार खटला हरला, म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. 'साक्ष' हा शब्द आळशाचीही ढाल होऊ शकतो. जो सभागृहात गेलाच नाही, प्रश्न टाकलाच नाही आणि गावी येऊन अन्यायाची भाषणे करतो, त्याला आकड्यानेच पकडावे लागेल. म्हणून मी आकड्याला पहारेकरी मानतो. दार कोण चुकवतो, हे तो सांगेल. न्यायाधीशाचे काम त्याच्यावर सोपवून आपण घरी झोपू नये. कारण न्याय करणे कष्टाचे असते, त्यात आपली चूक होऊ शकते आणि ती चूक आपल्या नावावर लागते. आकड्यावर भार टाकला, की आपण मोकळे. मोकळे होण्याची हीच हौस मला सर्वांत घातक वाटते. मीही त्या वर्षी 'निकालासाठी' असे म्हणून मोकळा झालो होतो.

शेवटी आपलाही एक तक्ता मांडून पाहावा. मी आयुष्यात दोनदा आमदारांच्या दारी गेलो. एकदा बदलीसाठी आणि एकदा पुतण्याच्या प्रवेशाच्या चिठ्ठीसाठी. 'यंदा शाळांविषयी सभागृहात काय बोललात?' हे विचारायला एकदाही गेलो नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेच्या ३५० अ या कलमात लिहिले आहे. पटसंख्येअभावी आमच्याकडच्या वर्गांची दारे बंद होऊ लागली, तेव्हाही मी गेलो नाही. माझ्या नावापुढे मागण्या दोन, प्रश्न शून्य. ज्याच्याकडे आपण चिठ्ठ्याच मागतो, तो चिठ्ठ्या देण्यात तरबेज होतो. त्यात नवल ते काय?

यंदा तक्ता आला, की मास्तर आणि मी तो घेऊन खासदारांच्या कार्यालयात जाणार आहोत. तीन गोष्टी विचारायच्या ठरल्या आहेत. यांतला कोणता प्रश्न आमच्यासाठी होता? कोणत्या दिवशी बोलायला हवे होते आणि तुम्ही गप्प बसलात? आणि उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असून तुम्ही काय विचारलेत? मास्तर कन्नडमध्ये विचारतील, मी मराठीत. उत्तरे कोणत्याही भाषेत मिळाली तरी चालतील. ती ऐकल्यावर माणूस चांगला की वाईट, हे आमचे आम्हालाच ठरवावे लागेल, आणि चुकलो तर चूकही आमचीच.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. बाजारात त्याचे टायरचे दुकान आहे. मी दिसलो, की हात पुसून "नमस्कार गुरुजी" म्हणतो. त्याने कधी काही विचारले नाही. शाळेच्या कार्यालयात निकालांचा फलक अजून आहे आणि त्यावर त्या वर्षापुढे शंभर हा आकडा आहे. तिथे गेलो, की मी त्या ओळीकडे पाहायचे टाळतो.